जीवाश्मांचा अभ्यास कसा सुरू करावा: विदर्भातील खडकांच्या आधाराने नवोदितांसाठी मार्गदर्शन

पुराजीवशास्त्र म्हणजे पृथ्वीवर पूर्वी होऊन गेलेल्या जीवसृष्टीचा, तिच्या खडकांत उरलेल्या अवशेषांवरून केलेला अभ्यास, ही व्याख्या बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. परंतु या अभ्यासाची सुरुवात प्रत्यक्षात कोठे जाऊन, काय पाहून आणि कोणत्या क्रमाने करावी, याचे मराठीतील मार्गदर्शन सहसा हाती लागत नाही. हा लेख भूशास्त्राचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या जिज्ञासू वाचकासाठी आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः विदर्भातील घेतली आहेत, कारण महाराष्ट्रात जीवाश्मांच्या दृष्टीने इतका समृद्ध दुसरा प्रदेश नाही आणि भारतातील या शास्त्राच्या इतिहासात नागपूर परिसराला फार जुने स्थान आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपुरातील मिशनऱ्यांनी १८५१ मध्ये टाकळीजवळच्या थरांतून जीवाश्म शोधले आणि पुढे त्यांविषयी लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात लिहिले. ती टाकळी आज नागपूर शहरातच सामावली आहे.

पहिली पायरी: कोणत्या खडकात पाहायचे आणि कोणत्या खडकात पाहायचे नाही

जीवाश्म प्रामुख्याने गाळाच्या खडकांत सापडतात. नदी, तळे किंवा समुद्र यांच्या तळाशी साचलेल्या चिखलात आणि वाळूत मेलेला प्राणी किंवा गळलेले पान लवकर गाडले गेले, त्याला हवा कमी लागली आणि पुढे पाण्यातील खनिजांनी त्याच्या सूक्ष्म पोकळ्या भरल्या किंवा मूळ द्रव्याची जागा घेतली, तर त्याचा आकार टिकतो. उकळत्या लाव्ह्यात असे काही टिकण्याची शक्यता जवळजवळ नसते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापलेला आहे. त्यामुळे पुणे, सातारा किंवा नाशिकच्या डोंगरांत जीवाश्मांचा शोध घेणाऱ्याच्या हाती सुंदर स्फटिक लागतील, पण जीवाश्म लागण्याची आशा फारच थोडी.

या नियमाला असलेला अपवाद फार मोलाचा आहे. लाव्ह्याचे प्रवाह एकामागून एक आले, तरी दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी बराच काळ गेला. त्या काळात थंड झालेल्या लाव्ह्यावर तळी साचली, त्यांत शेवाळ वाढले, गोगलगायी आणि मासे राहिले, काठावर झाडे उगवली. आणि नंतर पुढच्या प्रवाहाने ते सगळे झाकून टाकले. या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. त्यांची जाडी बहुधा काही मीटरच असते. पण त्यांत मिळणारा तपशील विस्मयकारक आहे. मुंबईतील वरळीच्या टेकडीवर अशाच थरांत मिळालेल्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले होते. तेथे आता दाट वस्ती झाली असल्यामुळे नवोदिताला पाहण्याजोगे फारसे उरलेले नाही.

विदर्भात या क्रमाचा खालचा भागही उघडा पडलेला आहे. लाव्ह्याच्या तळाशी लॅमेटा नावाचे चुनखडीयुक्त व मातकट थर आहेत आणि डायनोसॉरांचे अवशेष मुख्यतः त्यांत मिळतात. त्याहून कितीतरी जुने गोंडवन गटातील वालुकाश्म नागपूरजवळ कामठी परिसरात आहेत. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेसारख्या लांबट पानांचे ठसे मिळतात आणि ते २५ कोटी वर्षांहून जुने आहेत. कामठी, लॅमेटा, लाव्हा, आंतरट्रॅपी थर आणि पुन्हा लाव्हा, हा क्रम खालून वर असा नीट पाठ झाला, म्हणजे विदर्भात कोठेही उभे राहिल्यावर आपण काळाच्या कोणत्या मजल्यावर आहोत याचा अंदाज येऊ लागतो.

दुसरी पायरी: घरी बसून करावयाची तयारी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची स्थापना १८५१ मध्ये झाली आणि देशाचे भूवैज्ञानिक नकाशे तयार करणे हे त्याचे मुख्य काम आहे. हे नकाशे या विभागाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर लॅमेटा, आंतरट्रॅपी किंवा गोंडवन थरांचे रंग कोठे आहेत ते आधी शोधावे, मग उपग्रहचित्रांवर त्या जागी नाले, रस्त्यांची कापणी, विहिरींची खोदाई किंवा विदर्भात ज्यांना गिट्टी खदानी म्हणतात त्या खाणी आहेत का ते पाहावे. खडक उघडा असेल तरच काही दिसते. उत्तम थर असला तरी त्यावर दोन मीटर काळी माती असेल, तर तेथे दिवसभर फिरून उपयोग नाही.

त्याबरोबर निदान एक संग्रहालय तरी लक्षपूर्वक पाहावे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक अजबबंगला म्हणतात, आणि गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यातील वडधमचे जीवाश्म उद्यान ही महाराष्ट्रातील सोयीची ठिकाणे आहेत. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे जीवाश्मरूप लाकडांचे राष्ट्रीय उद्यानच आहे. कोलकात्याला जाणे झाले, तर भारतीय सांख्यिकी संस्थेतील बारापासॉरस या महाकाय डायनोसॉरचा सांगाडा अवश्य पाहावा. त्याची हाडे गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंच्याच्याच परिसरातील कोटा थरांतून खणून काढलेली आहेत. खऱ्या हाडाचा पोत, अश्मीभूत लाकडातील वार्षिक वलये आणि पानांच्या शिरा डोळ्यांत बसल्या, की शिवारात त्या ओळखणे पुष्कळ सोपे जाते. ही सवय छायाचित्रांवरून तितकी लागत नाही.

तिसरी पायरी: परवानगी

शेत असेल तर मालकाची, खाण असेल तर खाणचालकाची आणि जंगल असेल तर वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. गावात गेल्यावर सरपंच किंवा पोलीस पाटील यांना आपण कशासाठी आलो आहोत हे स्पष्ट सांगावे. जमिनीखालच्या धनाचा शोध चालला आहे असा समज झाला, तर तो नंतर निवळणे कठीण असते. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित झालेल्या जागी आणि जीवाश्म उद्यानांत एकही दगड उचलायचा नाही. खाणीत सुरुंग केव्हा लावतात ते विचारून घ्यावे आणि खाणीच्या कड्याखाली कधीही उभे राहू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विदर्भात हिंडण्याचा योग्य काळ. पावसाने नाल्यांचे काठ नुकतेच धुऊन काढलेले असतात, खरिपाची पिके बरीचशी निघालेली असतात आणि ऊन सोसवते. एप्रिल-मे मध्ये जाऊ नये.

चौथी पायरी: साहित्य, आणि हातोडीविषयी एक आग्रह

सोबत नोंदवही, पेन्सिल, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, होकायंत्र, अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाईल, जुनी वर्तमानपत्रे, कापडी पिशव्या, डोळ्यांच्या संरक्षणासाठी चष्मा, जाड तळव्यांचे बूट आणि भरपूर पाणी असावे. भूशास्त्रज्ञाची हातोडी आणि छिन्नी ही साधने या यादीत शेवटी येतात, आणि माझा स्पष्ट आग्रह असा आहे की नवोदिताने पहिल्या हंगामात ती घरीच ठेवावीत. थरातून ओढून काढलेला जीवाश्म पुन्हा थरात बसवता येत नाही. तो कोणत्या थरात, कोणत्या उंचीवर, कोणत्या बाजूला तोंड करून आणि कशाच्या शेजारी पडलेला होता, ही माहिती त्याच्या शास्त्रीय मूल्याचा मोठा भाग असते, आणि ती टिपण्याची सवय हाताला लागण्यापूर्वी हातोडी हाती आली, तर नुकसान ठरलेले.

याचे एक भारतीय उदाहरण फार बोलके आहे. गुजरातमधील धोली डुंगरी येथे भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांसह काही लहान हाडे एकाच दगडी लादीत मिळाली. ती हाडे डायनोसॉरच्या पिल्लांची असावीत असे प्रारंभी मानले गेले. पुढे जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पुन्हा तपासला, तेव्हा त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे लक्षात आले, आणि २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ या सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या सापाचे वर्णन प्रसिद्ध झाले: घरट्यात वेटोळे घालून बसलेला साप, फुटलेले अंडे आणि अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू, सर्व एकत्र. ती अंडी आणि ती हाडे कोणी वेगवेगळी काढून वेगवेगळ्या डब्यांत ठेवली असती, तर प्राचीन साप डायनोसॉरच्या घरट्यांवर येत होते हा पुरावा कायमचा नाहीसा झाला असता.

याउलट, हिमालयातून मिळाल्याचे सांगून दुसऱ्या एका संशोधकाने वर्षानुवर्षे प्रसिद्ध केलेले अनेक जीवाश्म वास्तविक इतर देशांतले असल्याचे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन टॅलेन्ट यांनी १९८९ मध्ये उघड केले. त्या खोट्या ठिकाणांमुळे हिमालयाच्या भूवैज्ञानिक इतिहासाविषयीचे बरेचसे लेखन संशयास्पद ठरले आणि ते निस्तरण्यात इतर संशोधकांची वर्षे गेली. जीवाश्म खरेच होते. खोटे होते ते त्यांचे ठिकाण, आणि तेवढ्याने ते निरुपयोगी झाले.

पाचवी पायरी: चालणे आणि पाहणे

नाल्यात शिरल्यावर प्रथम सुटे दगड पाहावेत. जीवाश्माचा तुकडा सुटा मिळाला, तर तो उचलण्याआधी वर पाहावे, कारण सुटे दगड उतारावरून खाली आलेले असतात. उताराच्या दिशेने सावकाश वर चढत, तसेच आणखी तुकडे कोठवर मिळतात ते पाहत गेले, की एका विशिष्ट पातळीनंतर ते मिळेनासे होतात; बहुधा त्याच पातळीवर तो थर असतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पृष्ठभागावरील बारीक उंचवटे अधिक स्पष्ट दिसतात, त्यामुळे पानांचे ठसे आणि शिंपले त्या वेळी शोधावेत. एकाच जागी गुडघे टेकून बराच वेळ पाहणारा माणूस, दिवसभरात अनेक जागा उरकणाऱ्या माणसापेक्षा जवळजवळ नेहमीच अधिक पाहतो.

विदर्भातील आंतरट्रॅपी थरांत सर्वांत सहज भेटणारा जीवाश्म म्हणजे फायसा या गोड्या पाण्यातील गोगलगायीचा शंख. तो डाव्या बाजूला वळलेला असतो: टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर तोंड डावीकडे येते. बहुतेक शंख उजवीकडे वळतात, त्यामुळे ही खूण लगेच ओळखता येते. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलानजवळ शेतांतून निघालेल्या चर्ट या कठीण, गारगोटीसारख्या दगडात फळे, फुले आणि लाकूड पेशींच्या पातळीपर्यंत टिकून राहिले आहे. वनस्पतिजीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानी यांनी १९३४ मध्ये तेथील एका फळाला एनिग्मोकार्पॉन असे नाव दिले आणि त्याच वनस्पतीचे मानले जाणारे फूल पुढे सहानिॲन्थस या वेगळ्या नावाने वर्णिले गेले. नवोदिताला हा प्रकार गोंधळात टाकतो, पण त्यामागे शिस्त आहे: जीवाश्मवनस्पतींचे पान, मूळ, खोड, फळ बहुधा सुटे सुटे मिळते, म्हणून ते एकाच झाडाचे असल्याचे सिद्ध होईपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र नाव राहते. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांसोबत मिळणारी मुळेही व्हर्टेब्रारिया या निराळ्या नावानेच ओळखली जातात.

सहावी पायरी: नोंद

काही मिळाले की हात मागे घ्यावा आणि वही उघडावी. तारीख, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिल्यावर त्या कड्याचा उभा आराखडा काढावा: तळापासून प्रत्येक थराची जाडी मोजून, त्याचा रंग, कणांचा आकार आणि खालच्या-वरच्या थरांशी असलेली सीमा स्पष्ट आहे की पुसट, हे टिपावे, मग त्या आराखड्यावर जीवाश्माची जागा खूण करून दाखवावी. छायाचित्रे तीन अंतरांवरून घ्यावीत, एक संपूर्ण कड्याचे, एक त्या थराचे आणि एक जवळून, आणि प्रत्येकात मोजपट्टी व उत्तर दिशेचा बाण असावा. मोजपट्टीऐवजी नाणे ठेवण्याची पद्धत रूढ आहे, परंतु नाणी बदलत जातात आणि परक्या वाचकाला त्यांचा आकार ठाऊक नसतो.

हाड, अंडे किंवा घरटे यांसारखे काही थरात पक्के बसलेले दिसले, तर पुढे काही करू नये. ते काढताना भोवती खणून, ओल्या कागदाचा थर देऊन, वर प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्यांचे कवच चढवावे लागते आणि हे काम अनुभवी माणसांच्या देखरेखीखालीच शिकायचे असते. सुट्या तुकड्यांपैकी एखादा नमुना परवानगीने घेतलाच, तर त्याला जागेवरच क्रमांक द्यावा, तोच क्रमांक पेन्सिलीने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्यांवर घालून एक पिशवीत व एक पिशवीबाहेर ठेवावी. पेनाची शाई ओलाव्याने पुसते. तुटलेला तुकडा घरगुती डिंकाने किंवा इपॉक्सीने चिकटवू नये. प्रयोगशाळांत पॅरालॉइड हे ॲसिटोनमध्ये विरघळणारे द्रव्य वापरतात, कारण ते गरज पडल्यास पुन्हा काढता येते.

सातवी पायरी: जे जीवाश्मासारखे दिसते पण नसते

या टप्प्यावर सर्वाधिक उत्साही लोक घसरतात, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य होईल. दगडाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी दिसणारी काळी नक्षी बहुधा मँगनीजच्या खनिजाची असते. तिला शिरा नसतात आणि ती फटीच्या कडेपासून आत पसरत गेलेली असते. बेसॉल्ट हवापाण्याने कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सोलत जातो आणि आत गोल गोटे उरतात. त्यांना डायनोसॉरची अंडी म्हणून घरी नेणारे पुष्कळ आहेत. बेसॉल्टमधील पोकळ्यांत भरलेली अकीकाची लंबगोल गाठदेखील अशीच फसवते.

लॅमेटा थरांतील खरी अंडी बहुधा १२ ते २० सेंटिमीटर व्यासाची, चुनखडीयुक्त थरात गटाने पडलेली असतात. त्यांचे कवच एक ते काही मिलिमीटर जाडीचे असून त्यावर बारीक दाणेदार उंचवटे दिसतात आणि कवचाच्या कडेला भिंगातून पाहिले, तर उभ्या स्फटिकस्तंभांची रांग दिसते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. त्याच वर्षी त्या जिल्ह्यातील पाडल्या गावी, शेताचे राखणदार म्हणून पूजले जाणारे काही गोल दगड ही डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. त्या दगडांना पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या शेतकऱ्यांचे ऋण शास्त्राने मोकळेपणाने मानले पाहिजे. गंडकी नदीतील शाळिग्रामांतही पुष्कळदा अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचे कवच असते.

हाड ओळखण्यासाठी तुटलेली कड भिंगाखाली धरावी: बाहेर घट्ट थर आणि आत जाळीदार, सच्छिद्र रचना दिसली, तर ते हाड असण्याची शक्यता मोठी. अश्मीभूत लाकडात ही छिद्रे एका दिशेने रांगेत असतात.

आठवी पायरी: डोळ्यांना न दिसणारे जीवाश्म

पुराजीवशास्त्रातील पुष्कळ महत्त्वाची उत्तरे बारीक वस्तूंतून आली आहेत, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या देखरेखीखाली नवोदितानेही खरे उपयोगी काम करावे अशी ही जागा आहे. आंतरट्रॅपी थरातील माती पूर्ण वाळवावी, पाण्यात भिजत घालून ती आपोआप विरघळू द्यावी, मग अर्धा मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून हलक्या धारेखाली धुवावी, आणि उरलेला गाळ वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याने एकेक कण निवडावा. माशांचे दात, ऑस्ट्राकॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची कवचे आणि कॅरोफाइट शेवाळाची गोल फळे यांतून हाती येतात. तेलंगणातील नस्कल येथील आंतरट्रॅपी थरांतून याच रीतीने मिळालेल्या चिमुकल्या दातांवरून १९८८ मध्ये डेक्कनोलेस्टिस हा डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील सस्तन प्राणी ओळखला गेला आणि त्याच्या जातीला हिस्लॉप यांचे नाव दिले गेले.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथील विष्ठाश्म, म्हणजे अश्मीभूत झालेली विष्ठा, हे याहूनही मोठे उदाहरण होय. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यांतून गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. गवते डायनोसॉरांच्या नंतर आली असा तोवरचा समज होता. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांनी गवताचे निदान पाच प्रकार त्या काळीच अस्तित्वात होते आणि बहुधा टायटॅनोसॉर गटातील शाकाहारी डायनोसॉर इतर झाडोऱ्याबरोबर गवतही खात होते, हे दाखवून दिले. शेजारच्या डोंगरगावच्या टेकडीतून निघालेला आयसीसॉरस हा त्याच गटातला. चर्ट किंवा विष्ठाश्म यांवर आम्लांची प्रक्रिया करताना हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात; ते प्राणघातक असल्याने सुसज्ज प्रयोगशाळेबाहेर त्याचा विचारही करू नये.

नववी पायरी: वय कसे ठरते

जीवाश्माचे वय बहुधा त्याच्या भोवतीच्या खडकावरून ठरते. आंतरट्रॅपी थर खाली व वर लाव्ह्याने बांधलेला असल्याने तो खालच्या प्रवाहाहून नवा आणि वरच्याहून जुना असणार, आणि लाव्ह्याचे वय त्यातील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून काढता येते. दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहा लाखांहून कमी वर्षांच्या अवधीत बाहेर पडला. डायनोसॉरांचा शेवट याच सुमारास झाला, त्यामुळे विदर्भातील प्रत्येक आंतरट्रॅपी थर त्या घटनेच्या आधीचा की नंतरचा, हा प्रश्न जगभरच्या संशोधकांना महत्त्वाचा वाटतो. आपल्या वहीतील उभा आराखडा येथे थेट कामी येतो.

दहावी पायरी: कोणाला कळवावे

नागपुरात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय आहे. विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि वनस्पतिजीवाश्मांसाठी लखनौची बिरबल सहानी पुराविज्ञान संस्था यांच्याकडेही लिहिता येते. पत्र थोडक्यात असावे: अक्षांश-रेखांश, थराचा आराखडा, मोजपट्टीसह छायाचित्रे, जमीन कोणाची आहे आणि आपण काही हलवले असल्यास ते काय. नमुना धुवू नये, घासू नये, लिंबू किंवा आम्ल लावू नये. अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, कारण अंड्यांची विक्री करणारे लोक तेथे तज्ज्ञांच्या आधी पोहोचतात. नव्या जातीचे नाव ज्या नमुन्यावर आधारले जाते, तो इतर संशोधकांना पुन्हा तपासता यावा म्हणून सार्वजनिक संस्थेच्या संग्रहात क्रमांकासह जमा असावा, अशी या क्षेत्रातील रीत आहे. म्हणून दिवाणखान्यातील कपाटात ठेवलेल्या नमुन्यावर गंभीर संशोधक सहसा लिहीत नाहीत. नमुना संस्थेला देताना त्याची पोच आणि नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, शोधणाऱ्याचे व जमीनमालकाचे नाव नोंदवहीत लिहिले जाईल याची खात्री करावी, आणि आपल्या वहीतील त्या पानांची प्रत नमुन्यासोबतच सुपूर्द करावी.